‘साहेब, आकडा कुठला धरला?’

मराठवाड्यात सरकारी पत्रकार परिषदेतली खडाजंगी बहुतेक वेळा आकड्यावरून पेटते. टँकर किती, पैसेवारी (पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज) किती, शेतकरी आत्महत्या किती. टीव्हीवर व्हाइट हाउसचे प्रेस सेक्रेटरी आणि बातमीदार यांची जुंपलेली आपण पाहतो. तिथे हे पद १९२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्या काळात आले. पुढे वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे प्रेस सेक्रेटरी रॉन झिग्लर यांच्यावर १९७३ साली आपलीच आधीची विधाने रद्दबातल ठरवायची वेळ आली. आपल्या जिल्ह्यांत असा रोजचा प्रवक्ता नाही. जिल्हा माहिती अधिकारी निरोप धाडतात, प्रेसनोट वाटतात; खुर्चीत जिल्हाधिकारी किंवा पालकमंत्री असतात. ज्याच्या सहीने काम अडले त्यालाच तोंडावर विचारता येते. म्हणून इथली चकमक जास्त लागते.

हा हक्क आयता मिळालेला नाही. निजामाच्या राज्यात वृत्तपत्र काढायलाच परवानगी लागे, आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ या पत्रावर बंदी आली. २२ ऑगस्ट १९४८ रोजी ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचा रझाकारांनी हैदराबादेत खून केला, त्यांचा हात तोडला. संस्थान भारतात विलीन व्हावे, असे ते लिहीत होते. महिन्याच्या आत, १७ सप्टेंबरला, संस्थान मुक्त झाले. आजही त्या दिवशी संभाजीनगरात झेंडावंदनाला आलेल्या मंत्र्यांना पत्रकार गाठतात आणि अनुशेषाचे, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या वाट्याचे, विचारतात. दांडेकर समितीने १९८४ मध्ये तो मोजला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आले, २०२० मध्ये त्याची मुदत संपली. प्रश्न तोच राहिला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मृतांची सरकारी संख्या आठ हजारांच्या आसपास, बाकीचे अंदाज दहा हजारांपर्यंत. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. त्याआधी पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. पाणी आले, हे सांगायला सगळे पुढे होते. नळाला कितव्या दिवशी येणार, हे विचारले की आवाज चढायचे.

सर्वांत कडू वाद मात्र ‘पात्र-अपात्र’चा. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपये ठरले: ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. त्यासाठी जिल्हा समिती पाहते की शेती कुणाच्या नावावर आहे, बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज होते का, नापिकी होती का, वसुलीचा तगादा होता का. हे कागदावर सिद्ध झाले नाही तर प्रकरण अपात्र ठरू शकते. मग अधिकारी पात्र प्रकरणे सांगतात, बातमीदार गावात मोजलेली. दोघेही खरे बोलत असतात, आणि तिथेच ठिणगी पडते.

अशी एक परिषद मी जवळून पाहिली आहे. चहा-बिस्किटे फिरत होती. मागच्या रांगेतल्या तालुक्याच्या वार्ताहराने उठून विचारले, “साहेब, त्या बाईच्या नवऱ्याचं नाव यादीत का नाही? सातबारा सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून?” साहेब म्हणाले, “वैयक्तिक प्रकरणावर इथं नको, नंतर भेटा.” तो बसला नाही. “नंतर कधी, तारीख सांगा.” कॅमेरे त्याच्याकडे वळले. कुणीतरी त्याच्या शर्टाला धरून ओढले. त्याने उद्धटपणा केला, असे मला तेव्हाही वाटले नाही. घरी गेल्यावर त्या बाईला उत्तर त्यालाच द्यायचे होते.

जिल्ह्याच्या वार्ताहराला मुंबईतल्या पत्रकारासारखे पाठबळ नसते. मानधन तुटपुंजे, अधिस्वीकृती पत्र (पत्रकाराचे सरकारी ओळखपत्र) सगळ्यांकडे नसते आणि उद्या त्याच कार्यालयात दुसऱ्या बातमीसाठी जायचे असते. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा राज्याने २०१७ मध्ये मंजूर केला. पण पुढच्या परिषदेचे निमंत्रण न येणे, याला कुठलेच कलम लागत नाही.

आता पुष्कळदा परिषदच होत नाही. प्रेसनोट आणि साहेबांचा दोन मिनिटांचा व्हिडिओ व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. काही ग्रुपवर लिहायची सोय फक्त ॲडमिनला असते.