टीव्हीवर सर्व्हर दिसत नाही? आधी हे पाहून घ्या

आमच्याकडून घरचा मीडिया सर्व्हर (व्हिडिओ-फोटो साठवून टीव्हीला पुरवणारं यंत्र) बसवून घेतलेल्या ग्राहकांची पावसाळ्यात ठरलेली तक्रार असते: सर्व्हरचा दिवा पेटतोय, पण टीव्हीच्या यादीत त्याचं नावच येत नाही. घाबरू नका. चवथीचे व्हिडिओ, लग्नाचे फोटो, सगळं सहसा जागच्या जागी असतं. फक्त रिसेटचं बटण तेवढं दाबू नका. त्याने काम वाढतं.

आधी मोबाईल घरच्या वायफायवर घ्या, मोबाईल डेटा बंद करा आणि सर्व्हरवर चिकटवलेल्या पट्टीवरचा पत्ता ब्राउझरमध्ये जसाच्या तसा टाका, शेवटच्या ८२०० सकट. ऑडिओ, व्हिडिओ आणि इमेज फायलींचे आकडे असलेलं साधं पान उघडलं, तर सर्व्हर ठणठणीत आहे. अडलंय ते फक्त त्याची हाक टीव्हीपर्यंत पोचण्यात.

ही हाक म्हणजे पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंपू. ज्या वाड्यावर वाजतो तिथलीच माणसं बाहेर येतात. सर्व्हर '२३९.२५५.२५५.२५०' या सामायिक पत्त्यावर, १९०० क्रमांकाच्या पोर्टवर 'मी इथे आहे' असं अधूनमधून सांगत असतो, आणि टीव्हीही तिथेच 'कोण आहे?' म्हणून विचारतो. घरातला राउटर ही हाक दुसऱ्या नेटवर्कमध्ये जाऊ देत नाही.

आणि घरात दोन नेटवर्क नकळत तयार होतात. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंतींतून वायफाय मागच्या खोलीपर्यंत जात नाही, म्हणून फायबरवाल्याच्या डब्याला आपण आणखी एक राउटर जोडतो. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, त्यामुळे संशय येत नाही. टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी पत्ता पाहा. सर्व्हरचा १९२.१६८.१ ने सुरू होतो आणि टीव्हीचा १९२.१६८.० ने, असं असेल तर दुखणं सापडलं. दुसरा राउटर 'ॲक्सेस पॉइंट मोड'वर टाकला की दोन्ही एकाच नेटवर्कमध्ये येतात. सेटिंगमध्ये तो पर्याय नसेल तर वायरिंग बदलावं लागतं; ते आमच्यावर सोडा.

पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांनी टीव्ही 'गेस्ट' वायफायवर नाही ना, हे पाहावं. गेस्ट नेटवर्कवरच्या यंत्रांना घरातली बाकीची यंत्रं मुद्दामच दिसू दिली जात नाहीत. पाहुण्यांसाठी ते योग्यच आहे, ती सोय बंद करू नका. आपला टीव्ही मुख्य वायफायवर आणा.

वीज जाऊन आल्यावर बिघडलं असेल, तर बहुधा राउटर उठायच्या आधीच सर्व्हर उठला आणि त्याला नेटवर्कच मिळालं नाही. मग वरचं पानही उघडणार नाही. सर्व्हर त्याच्या बटणाने नीट बंद करा. राउटर चालू करून तीनेक मिनिटं थांबा, मग सर्व्हर, शेवटी टीव्ही. टीव्ही रिमोटने नव्हे, भिंतीवरच्या स्विचने बंद-चालू करा. रिमोटने तो नुसता पेंगतो आणि जुनीच यादी धरून बसतो. या क्रमानेही पान उघडलं नाही, तर पत्ता बदललेला असू शकतो. तो राउटरमध्ये कायमचा बांधून देता येतो.

सर्व्हर दिसतो आणि चार-पाच मिनिटांनी गायब होतो, हा प्रकार वेगळा. इथे राउटरमधलं 'आयजीएमपी स्नूपिंग' (अशी सामायिक हाक कोणाकोणाकडे जाऊ द्यायची ते ठरवणारी सोय) बंद करून पाहावं. लॅपटॉपलाच सर्व्हर केलेल्यांनी विंडोजमध्ये घरचं वायफाय 'पब्लिक' ऐवजी 'प्रायव्हेट' करावं, नाहीतर फायरवॉल (विंडोजचा पहारेकरी) हाक अडवते.

तोवर आजची संध्याकाळ वाया घालवायची नसेल, तर अँड्रॉइड टीव्हीवर व्हीएलसी हे व्हिडिओ दाखवणारं ॲप टाका आणि पट्टीवरचा 'शेअर्ड फोल्डर'चा पत्ता हाताने भरा. हाकेची गरजच राहत नाही. मात्र त्यासाठीही टीव्ही आणि सर्व्हर एकाच नेटवर्कवर हवेत.

आम्हाला फोन करताना टीव्हीचा आयपी पत्ता लिहून ठेवा आणि मोबाईलवर पान उघडलं का, तेही सांगा. पुष्कळदा तेवढ्यावर फोनवरच काम होतं.