शेवाळ आलं म्हणून कार्बन डायऑक्साइड बंद करू नका

पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टाकीत झाडांसाठी सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडतात. अशा नव्या टाकीत काचेवर तपकिरी थर दिसला की सल्ला ठरलेला: ‘गॅस बंद कर, तोच शेवाळाला पोसतोय.’ वर्षानुवर्षं फिरणारा हा समज उलटा आहे. शेवाळ कार्बन वापरतं हे खरं, पण अगदी थोड्यावरही त्याचं भागतं. उपाशी राहतात ती झाडं, आणि अशक्त झालेल्या पानांवरच शेवाळ बसतं.

खरा घोळ असतो चढ-उताराचा. सिलिंडर आज चालू, उद्या बंद, किंवा दिवे लागल्यावर गॅस सुरू. पानांच्या कडांवर काळे केसाळ झुपके दिसले की आधी हेच तपासावं. टायमर लावून गॅस दिव्यांच्या एक-दोन तास आधी सुरू करा, दिवे मालवण्याच्या तासभर आधी बंद करा. गॅसचे बुडबुडे मोजून फारसं कळत नाही. ड्रॉप चेकर बघा, म्हणजे पाण्यातल्या गॅसच्या प्रमाणानुसार ज्यातल्या द्रावणाचा रंग बदलतो ती टाकीत लावायची छोटी काचेची कुपी. त्यात ४ डीकेएचचं (डीकेएच म्हणजे कार्बोनेट कठीणपणाचं माप) द्रावण असेल तर हिरवा रंग म्हणजे साधारण ३० पीपीएम (दशलक्ष भागांत ३० भाग) गॅस, निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे जास्त. मात्र हा रंग तास-दोन तास मागचं सांगतो. मासे वर येऊन धापा टाकत असतील तर रंगाची वाट न बघता गॅस थांबवा आणि पाण्याचा पृष्ठभाग ढवळा.

काही कमी करायचंच असेल तर गॅस नव्हे, प्रकाश कमी करा. सुरुवातीला दिवसाला ६ तास पुरे. आठवड्याला निम्मं पाणी बदला. आणि तो तपकिरी थर? बहुतेकदा डायटम, म्हणजे एक सूक्ष्म शेवाळ. बोटाने पुसला जातो, काही आठवड्यांत आपोआप ओसरतो.