हळदीचा डाग चालतो, निळा मार्कर चालत नाही

उन्हाळ्यात वसमतच्या एका गोदामात हळदीचा माल भरताना पाहत उभा होतो. पाकिटांची खोकी, खोक्यांची पॅलेटवर, म्हणजे लाकडी फळ्यांच्या चौथऱ्यावर, थप्पी, थप्पीभोवती गुंडाळलेली प्लास्टिकची फिल्म आणि त्यावर बारकोडचं लेबल. हवेतच हळद होती. लेबलांवर पिवळी बोटं उमटलेली, तरी स्कॅनर दर वेळी टुण्ण करत होता. एका पॅलेटवर मात्र तो गप्प बसला.

"मशीन वाचीना बघा," स्कॅनर धरलेला पोरगा म्हणाला.

ते लेबल तर सगळ्यांत स्वच्छ होतं. फक्त मोजणी झाल्याची खूण म्हणून कुणीतरी बारकोडवर वरपासून खालपर्यंत निळ्या मार्करने दोन उभ्या रेघा ओढल्या होत्या.

त्या स्कॅनरचा उजेड लाल होता, साधारण ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा. हळदीतलं कर्क्युमिन निळा-जांभळा प्रकाश शोषून घेतं आणि लाल जवळजवळ सगळा परत पाठवतं. म्हणून पांढऱ्या कागदावरचा पिवळा डाग त्या उजेडात पांढराच दिसतो. निळी शाई लाल प्रकाश गिळते, त्यामुळे स्कॅनरला ती काळी पट्टी वाटते. लाल शाईत छापलेला बारकोड याच कारणाने वाचता येत नाही, कारण तिथे लाल आणि पांढरं एक होऊन जातं. हळदीचा जाड थर काळ्या पट्ट्यांवर बसला तर मात्र काळंही उजळ दिसू लागतं. तेव्हा फडकं मारावंच लागतं.

पण दोन जादा रेघांनी एवढा घोळ का व्हावा? कारण स्कॅनर पट्ट्या नुसत्या मोजत नाही, त्यांची रुंदी मोजतो आणि मधल्या पांढऱ्या जागेचीही. पॅलेटवरच्या बारकोडमध्ये एक चिन्ह ११ समान भागांचं असतं. त्यात कमीजास्त रुंदीच्या तीन काळ्या पट्ट्या आणि तीन पांढऱ्या फटी. अशा एका चिन्हात दोन अंक मावतात. सगळ्यांत बारीक पट्टी साधारण अर्ध्या मिलिमीटरची. तिच्या शेजारी मार्करची जाड रेघ म्हणजे अक्षरावर गिरवलेलं दुसरं अक्षर. बारकोडच्या दोन्ही टोकांना बारीक पट्टीच्या दसपट कोरी जागा सोडलेली असते, तीही यासाठीच. मजकूर कुठे सुरू झाला हे स्कॅनरला त्या कोऱ्या पांढऱ्यावरून कळतं. कागद वाचवायला ती जागा कापणं मला फार महागातली काटकसर वाटते.

पोराने मग पट्ट्यांखालचा क्रमांक हाताने टाइप केला. हा क्रमांक १८ अंकांचा. दुकानातल्या एका जातीच्या सगळ्या पाकिटांवर एकच क्रमांक असतो, पण इथे प्रत्येक पॅलेटला स्वतःचा. पूर्वी बारदानावर रंगाने मारलेला मार्का माल कुणाचा ते सांगायचा. हा क्रमांक नेमकी ही थप्पी कोणती ते सांगतो. आत हळद आहे की तूरडाळ, हे त्यात लिहिलेलं नसतं, ते संगणकात असतं. माल रवाना झाल्यावर किमान वर्षभर तो क्रमांक दुसऱ्या पॅलेटला देता येत नाही.

संगणकाने पोराचा क्रमांक नाकारला. दोन शेजारचे अंक उलटसुलट झाले होते. हे पकडलं ते शेवटच्या अंकाने, आणि त्याचा हिशेब कागदावर करता येतो. पहिले १७ अंक ०८९०१२३४५६७८९०१२३ धरा. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे अंक मिळवले की ३८, त्यांची तिप्पट ११४. उरलेल्यांची बेरीज ३०. एकूण १४४. पुढच्या दशकाला, म्हणजे १५०ला, सहा कमी. म्हणून अठरावा अंक ६. एखादा अंक चुकला तर हा ताळा हमखास मोडतो. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले तरी बहुतेक वेळा मोडतो, फक्त त्यांच्यात नेमका ५चा फरक असेल, जसं १ आणि ६, तर चूक निसटते. तिप्पटच का? दुप्पट केली असती तर ५ने चुकलेला अंक १०ने बेरीज बदलून गेला असता आणि ताळा तसाच राहिला असता.

शेवटी नवं लेबल छापलं, क्रमांक तोच. इथे मराठवाड्याच्या उन्हाचा प्रश्न येतो. नुसत्या उष्णतेने काळा होणारा कागद स्वस्त पडतो, पण सततच्या उन्हात आणि गरमीत तो करपतो किंवा छपाई फिकी पडते. शाईच्या रिबनने केलेली छपाई टिकते. छपाईयंत्रातल्या तापणाऱ्या बारीक ठिपक्यांच्या रांगेतला एक ठिपका जळला असेल आणि बारकोडच्या रेघा कागद सरकतो त्याच दिशेने असतील, तर एखाद्या काळ्या पट्टीत वरपासून खालपर्यंत पांढरी चीर पडते. ती चीर माणसाच्या नजरेतून सहज सुटते.

लेबल लावताना बारकोडची खालची कड जमिनीपासून ४०० ते ८०० मिलिमीटरच्या मध्ये आणि पॅलेटच्या उभ्या कडेपासून किमान ५० मिलिमीटर आत असावी, असा जागतिक नियम आहे. पोराने हाताने वीत-वीत मोजून ते चिकटवलं, फिल्मची सुरकुती तळव्याने दाबली, कारण सुरकुतीवरची चमकही स्कॅनरला आंधळं करते. टुण्ण झालं. मग त्याने मार्कर उचलला आणि मोजणीची खूण पॅलेटच्या लाकडावर केली.