ख्रिस्ती शाळा व मुलांचे मनःस्वास्थ्य (गोवा)

गोव्यात चर्च आणि ख्रिस्ती धर्मसंघ यांनी चालविलेल्या शाळांमध्ये मुलांच्या मानसिक व आध्यात्मिक अडचणींची दखल घेण्याची जी रीत रुळली आहे, तिच्याविषयीची नोंद. मराठी बोलणाऱ्या घरांत या शाळांना ‘पाद्र्यांची शाळा’ किंवा नुसते ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे एक चतुर्थांश होती. मात्र या शाळांच्या बाकांवर हिंदू आणि मुसलमान मुलेही मोठ्या संख्येने बसतात. त्यामुळे इथला फादर किंवा सिस्टर मुलाच्या मनाशी कसे वागतात, हा साऱ्या गोव्याचा प्रश्न आहे.

या शिक्षणाचा आरंभ सोळाव्या शतकातला. १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरलेले फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यांवरून फिरत आणि जमलेल्या मुलांना प्रार्थना शिकवीत. जुने गोवे येथील सेंट पॉल कॉलेज लवकरच जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाकडे आले आणि गावोगावच्या चर्चला जोडून शाळा निघाल्या. त्यांत अक्षरओळख, धर्मशिकवण आणि संगीत शिकवले जाई. गोव्यात व्हायोलिन घरोघरी पोचले त्यात या शाळांमधल्या मेस्तांचा, म्हणजे संगीतशिक्षकांचा, मोठा वाटा आहे. मन मोकळे करायला शब्द न सापडणाऱ्या मुलाला गळा आणि वाद्य देणे, हा या परंपरेचा सर्वांत जुना आणि कदाचित सर्वांत गुणकारी उपाय. फादर स्टीफन्स यांचे मराठी ओव्यांतले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, तेही गाऊन ऐकण्यासाठीच.

याच इतिहासाला एक जखमही आहे. १५५९ च्या पोर्तुगीज राजाज्ञेने अनाथ हिंदू मुलांना सेंट पॉल कॉलेजच्या स्वाधीन करून बाप्तिस्मा देण्याची सोय केली. पुढे आई हयात असताना केवळ वडील वारलेल्या मुलांनाही हा नियम लावला गेला. दुःखात सापडलेले मूल आसऱ्याला आले की त्याचा धर्म बदलायचा, ही भीती गोव्यातील हिंदू घरांच्या आठवणीत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. आजच्या शाळेने मुलाच्या आत्म्याची काळजी वाहताना ही आठवण ध्यानात ठेवावीच लागते.

इंग्रजी माध्यमाच्या ख्रिस्ती शाळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाल्या. हडफड्याची सेंट जोसेफ ही १८८७ ची. मुंबईत, आफ्रिकेत नोकरीला गेलेल्या गोंयकारांची मुले अशा शाळांच्या बोर्डिंगात वाढली, आणि आईवडिलांविना रात्र काढणाऱ्या मुलाचे काय करायचे हा प्रश्न फादरांसमोर रोजचा झाला. १९४६ मध्ये सालेशियन हा ख्रिस्ती धर्मसंघ पणजीत आला. त्यांचे गुरू डॉन बॉस्को (१८१५–१८८८) यांनी इटलीतल्या तुरीन शहरात तुरुंगात खितपत पडलेली पोरे पाहिली होती. अपराध झाल्यावर शिक्षा करण्यापेक्षा तो घडण्याआधी मुलाजवळ असावे, हे त्यांच्या ‘प्रतिबंधक पद्धती’चे सार, विवेक, धर्म आणि वात्सल्य हे तिचे तीन आधार. मधल्या सुट्टीत शिक्षकाने मैदानात मुलांबरोबर असावे आणि बोर्डिंगात झोपण्यापूर्वी दोन मिनिटे प्रेमाने बोलावे, असे या पद्धतीत सांगितलेले आहे. वर्गात जे मूल तोंड उघडत नाही ते फुटबॉल खेळून दमल्यावर, पायरीवर बसून, आपले काय ते सांगून टाकते. शिक्षकाला हे कळण्यासाठी त्याने तिथे असावे लागते.

जेझुइटांकडे दुसरा वारसा आहे आणि तो अधिक खोल आहे. संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये मान्रेसा येथे पापशंकेने इतके ग्रासले होते की कबुली देऊनही आपले काही सांगायचे राहिले असे त्यांना वाटत राही. जीव देण्याचा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला. या अनुभवातून त्यांनी पुढे नियम घालून दिला: मन खिन्न असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. दहावीच्या परीक्षेआधी ‘मला आता काहीच नको’ म्हणणाऱ्या मुलाला हा नियम उपदेशाच्या स्वरात सांगून उपयोग नाही. ज्या संताचे नाव शाळेच्या फाटकावर आहे त्याचीही एकदा अशीच झोप उडाली होती, हे कळले तर मात्र त्याला थोडा धीर येतो.

रोजच्या व्यवहारात हे सारे फार साध्या रूपात दिसते. सकाळी असेंब्लीत प्रार्थना, कोणाच्या घरी कोणी वारले असेल तर त्या कुटुंबासाठी दोन शब्द. आठवड्यातल्या ठरावीक तासाला ख्रिस्ती मुले धर्मशिकवणीला जातात आणि बाकीची मूल्यशिक्षणाला बसतात. रविवारची ‘दोतोर्न’ (धर्मशिकवण) चर्चमध्ये वेगळी होते. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेत पालकाच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २८ ने स्पष्ट केले आहे. तिन्हीसांजेला घरी ‘शुभं करोति’ म्हणणारी मुलगी शाळेत ‘आमच्या बापा’ ऐकते, आणि बहुतेक वेळा तिला त्यात काही विसंगत वाटत नाही. आजी गेल्यावर ती सिस्टरला विचारते, आजी आता तुमच्या देवाकडे का आमच्या? या प्रश्नाला घाईने उत्तर देणारी सिस्टर चुकते. आजीविषयी बोलू देणारी सिस्टर तिला खरी मदत करते.

मुलांचे त्रास कुठून येतात हेही इथल्या जगण्यातच पाहावे लागते. वडील बोटीवर तारवटी (खलाशी), सहा-सहा, आठ-आठ महिने घराबाहेर. कोणाची आई आखातात, तर कोणाचे घरचे पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेलेले आणि मूल आजीपाशी. दुसरे कारण भाषेचे, ते मराठी घरांना जवळून ठाऊक आहे. १९९० नंतर सरकारी अनुदान कोकणी-मराठी प्राथमिक शाळांपुरते ठेवले गेले. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि मोठा वाद पेटला. या वादात चर्चच्या शाळा केंद्रस्थानी होत्या. पण मुलाच्या मनाची बाजू फार थोड्यांनी मांडली. चौथीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा पाचवीत एकदम इंग्रजीत जातो. बाथरूमला जाण्याची परवानगी इंग्रजीत मागता येत नाही म्हणून तो शाळेत पाणीच पीत नाही. संध्याकाळी आई दप्तर उघडते तेव्हा बाटली सकाळी भरली तशीच असते. पुढे सकाळी पोटात दुखू लागते, मग उलटी, मग ‘शाळेत नको’. डॉक्टरांना पोटात काही सापडत नाही. अशा वेळी वर्गशिक्षिकेने महिनाभर त्याच्याशी मराठीत बोलायचे ठरवले तर पोटदुखी पुष्कळदा औषधावाचून थांबते.

धर्माची मदत जिथे थांबते ती जागा ओळखणे हा या पद्धतीचा सर्वांत अवघड भाग आहे. ख्रिस्ती मूल साधारण आठव्या-नवव्या वर्षी पहिली कुमसार, म्हणजे फादरसमोर पापाची कबुली, करते. चूक बोलून दाखवली की क्षमा मिळते, हा अनुभव पुष्कळ मुलांना हलके करतो. ज्या मुलाच्या मनाला अपराधाची शंका चिकटली आहे त्याला मात्र तीच कुमसार पुन्हापुन्हा करावीशी वाटते, आणि तिथे आणखी प्रार्थना सांगणे म्हणजे आगीत तेल ओतणे. हा आजार आहे, पाप नव्हे, असे त्याला स्पष्ट सांगून मानसोपचाराकडे पाठवायला हवे. नैराश्याला श्रद्धेची उणीव समजणारे शिक्षक अजून भेटतात आणि त्यांनी केलेले नुकसान भरून यायला वर्षे लागतात. ही चूक एका धर्माची नाही: मूल गप्प झाले की हिंदू घरांत दृष्ट काढतात, देवाचा कौल घेतात, घाड्याकडे नेतात. आईचा हात डोक्यावरून फिरतो तेवढ्यापुरते त्याने बरेही वाटते. पण दोन आठवडे झोप आणि भूक गेलेली असेल तर थांबू नये.

शाळेतला समुपदेशक आता गोव्यात नवलाचा राहिलेला नाही. गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत शाळांना समुपदेशक मिळतात. पर्वरीची ‘संगाथ’ ही संस्था १९९६ पासून बालविकास आणि मनःस्वास्थ्याचे काम करते. गंभीर आजारासाठी बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे. तिच्या आधीच्या, पणजीतल्या आल्तिनोवरच्या इस्पितळाला आबे फारिया यांचे नाव होते. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेले हे पाद्री संमोहनाचे आद्य अभ्यासक. लिस्बनमध्ये पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभे राहिल्यावर त्यांची वाचा बसली, तेव्हा मागून वडील कोकणीत कुजबुजले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’, आणि ते घडाघडा बोलू लागले, अशी आख्यायिका गोव्यात सांगतात. पुढे फारियांनी मांडले की संमोहनाची शक्ती ते करणाऱ्यात नसून ज्याच्यावर होते त्याच्या मनात असते.

समुपदेशक आणि कुमसार ऐकणारा फादर यांत एक मोठा फरक आहे आणि तो मुलांना आधीच सांगायला हवा. कुमसारीत ऐकलेले फादर कोणालाही सांगू शकत नाही, हा चर्चचा कडक नियम आहे. समुपदेशक मात्र सगळे गुप्त ठेवण्याचे वचन देऊ शकत नाही: लैंगिक अत्याचार कळल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावेच लागते. शिक्षेबाबतही कायदा स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले, तरी गोवा बाल कायदा, २००३ ने सर्वच शाळांत मारण्यास बंदी केली आहे. मुलांना व पालकांना रात्री-बेरात्री बोलायचे असल्यास टेली-मानस (१४४१६) आणि चाइल्डलाइन (१०९८) हे क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालू असतात. शाळेच्या कॅलेंडरच्या पहिल्या पानावर ते छापलेले असावेत.