भाज्यांचे वर्गीकरण आणि बटाट्याचे महाराष्ट्रीय पदार्थ

भाज्यांचे वर्गीकरण वनस्पतीच्या कुळावरून होत नाही. तिचा कोणता अवयव खाल्ला जातो, यावरून होते. पान, फळ, शेंग, फूल, खोड आणि मूळ हे त्यातील मुख्य गट. याशिवाय बाजार, आहारशास्त्र आणि उपवास यांच्या स्वतंत्र विभागण्या महाराष्ट्रात रोज वापरात असतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. बटाटा या सर्व विभागण्यांत वेगवेगळ्या ठिकाणी पडतो. स्वयंपाकाच्या दृष्टीने अवयवाचा निकषच सर्वांत उपयोगी आहे, कारण भाजी किती टिकेल, किती आळेल आणि कशाने बिघडेल हे तो अवयव ठरवतो.

अवयवानुसार गट

पालेभाज्यांत मेथी, पालक, शेपू, चुका, अंबाडी, माठ, अळू, करडई यांचा समावेश होतो. पानांतून पाणी झपाट्याने उडते, म्हणून त्या एकदोन दिवसांत कोमेजतात आणि शिजल्यावर फारच आळतात. मीठ शेवटी घालावे असे सांगतात ते यासाठीच. भरलेल्या कढईचा अंदाज घेऊन घातलेले मीठ आळलेल्या भाजीला जास्त होते. झाकण ठेवून फार वेळ शिजवल्यास पानांतील आम्ले वाफेबरोबर बाहेर पडत नाहीत आणि हिरवा रंग मळकट होतो. अळवात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असल्याने घसा खवखवतो. फदफद्यात चिंच घालण्याची रीत त्याच्याशी जोडलेली आहे.

वांगे, भेंडी, दोडका, पडवळ, दुधी, कारले, तोंडली या फळभाज्या बहुतेक कोवळ्या, अपक्व अवस्थेत खुडल्या जातात. टोमॅटो आणि लाल भोपळा हे ठळक अपवाद. गवार, श्रावणघेवडा, वालपापडी, मटार ही शास्त्रानुसार फळेच आहेत, पण मंडईत शेंगभाज्या म्हणून वेगळी बसतात. शेवगाही त्यांच्यातच विकला जातो, मात्र तो शिंबावंत (कडधान्यांच्या) कुळातला नाही. त्याची शेंग म्हणजे लांबट बोंड होय. फुलभाज्यांत फ्लॉवर, केळफूल, हादग्याची आणि शेवग्याची फुले येतात. कोबी (पानांची मिटलेली कळी), फ्लॉवर (न उमललेला फुलोरा) आणि नवलकोल (फुगलेले खोड) ही तीन वेगवेगळ्या गटांतली दिसणारी भाजी एकाच जातीच्या वनस्पतीची आहे.

खरा घोळ कंदभाज्यांत आहे. जमिनीखालून निघणारे सारे काही या नावाखाली एकत्र केले जाते. गाजर, मुळा आणि बीट ही सोटमुळे आहेत. रताळे हेही मूळच, पण ते फुगलेले आगंतुक मूळ (खोडाच्या पेरातून फुटलेले) आहे. सुरण आणि अळकुड्या हे घनकंद (जमिनीतली भरीव, फुगलेली खोडे), आले आणि ओली हळद ही आडवी वाढणारी खोडे आहेत. कांदा आणि लसूण यांत खाल्ला जातो तो पानांचा मांसल बुडखा. बटाटा म्हणजे जमिनीखालच्या फांदीचे फुगलेले टोक. त्याचे ‘डोळे’ ही त्या खोडाची पेरे असून प्रत्येक डोळ्यात अंकुर असतो. रताळ्यावर अशी ठरावीक क्रमाने मांडलेली पेरे नसतात. बटाट्याचे झाड वांगे, टोमॅटो, मिरची यांच्या कुळातले, तर रताळ्याचा वेल गारवेलीच्या कुळातला. चवीला जवळचे वाटले तरी दोघांचे नाते दूरचे आहे.

बाजार, आहार आणि उपवास

कृषी उत्पन्न बाजार समित्यांत कांदा-बटाटा हा विभाग भाजीपाल्यापासून वेगळा असतो. याचे कारण टिकाऊपणा: पालेभाजी जुडीने येते आणि त्याच दिवशी खपावी लागते, कांदे-बटाटे गोणीत आठवडेच्या आठवडे राहतात. आहारशास्त्र बटाट्याला बहुधा भाजीत धरत नाही. जागतिक आरोग्य संघटना दररोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाण्याची शिफारस करते, ती बटाटा, रताळे आणि इतर पिष्टमय कंद वगळून. बटाट्यात सुमारे ७५ ते ८० टक्के पाणी आणि १५ ते २० टक्के पिष्ट (स्टार्च) असल्याने ताटात तो पोळी-भाताच्या बाजूचा ठरतो. पोळीबरोबर बटाट्याची भाजी असेल तर जोडीला पालेभाजी किंवा कोशिंबीर हवी, हा जुन्या ताटाचा नियम आहारदृष्ट्याही बरोबर आहे.

उपवासाची विभागणी आणखी निराळी. बाजारात एका विभागात असलेले कांदा आणि बटाटा येथे एकमेकांपासून दूर जातात. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्याचे पदार्थ करून अनेक घरांत चातुर्मासापुरता कांदा बंद होतो. बटाटा मात्र एकादशीलाही चालतो. जैन आहारात उलट तो कंदमूळ म्हणून वर्ज्य आहे आणि त्याच्या जागी बहुधा कच्चे केळे वापरतात. उपवासाच्या ताटातील बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची, राजगिरा आणि साबुदाणा ज्यापासून होतो तो कसावा, ही सर्व पिके मूळची अमेरिका खंडातली आहेत.

उगम, वाण आणि साठवण

बटाट्याची लागवड प्रथम दक्षिण अमेरिकेत, आजच्या पेरू-बोलिव्हियातील अँडीज पर्वतात सुरू झाली. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि पोर्तुगीजांमार्फत तो भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आला. त्यामुळे या नोंदीतील ‘पारंपरिक’ पदार्थांचे वय फार तर तीन-चार शतकांचे आहे. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्याला स्थापन झाली आणि १९५६ मध्ये सिमल्याला हलली. तिच्या वाणांच्या नावांआधी ‘कुफरी’ हा शब्द येतो: कुफरी सिंदुरी, कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी, कुफरी पुखराज, कुफरी चिप्सोना. दख्खनच्या पठारासाठी काढलेल्या, कमी दिवसांत तयार होणाऱ्या वाणाचे नाव ‘कुफरी लवकर’ असे आहे. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील मंचर, खेड आणि सातगाव पठार हा भाग बटाट्यासाठी ओळखला जातो. सातगाव पठारावर तो पावसाळी पीक म्हणून घेतात.

घरात वाणाचे नाव क्वचितच कळते, पण बटाटा पिठूळ आहे की चिकट हे तपासता येते. एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवून त्यात बटाटा सोडावा. बुडाला तर पिष्ट जास्त, म्हणजे तो पिठूळ. तरंगला तर चिकट. पिठूळ बटाटा वडा, पराठा, तळण यांना चांगला. रश्श्यात तो फुटतो. तेथे चिकट बटाटा फोडींचा आकार धरून ठेवतो.

काढणीनंतरही बटाटा जिवंत असतो, श्वसन करतो आणि कोंब काढायची वाट पाहत असतो. त्याला अंधार, हवा आणि कोरडेपणा लागतो. उजेडात ठेवल्यास साल हिरवी होते. हा हिरवा रंग स्वतः घातक नाही, पण त्याबरोबर सोलॅनिनसारखी कडू विषारी द्रव्ये वाढतात आणि ती उकळून नाहीशी होत नाहीत. हिरवा भाग आणि कोंब खोलवर कापून टाकावेत. चव कडू लागली किंवा बटाटा बराच हिरवा झाला असेल तर तो पूर्ण टाकून द्यावा. फ्रिजमध्ये ठेवलेल्या बटाट्यातील पिष्टाची साखर होऊ लागते. असे बटाटे तळताना आतून शिजण्याआधीच तपकिरी होतात आणि त्यांत ॲक्रिलामाइड हे नको असलेले द्रव्यही अधिक तयार होते. आठवडा-दोन आठवडे बाहेर ठेवल्यास साखर काहीशी कमी होते.

शिजताना काय घडते

पिष्टाचे कण साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला पाणी शोषून फुगतात आणि पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन त्याहून जास्त उष्णतेला सैल होते. आंबट पदार्थ पेक्टिनला सैल होऊ देत नाहीत. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधी घातल्यास अर्धा तास उकळूनही फोड मध्ये कडक राहते, ती यामुळेच. फोड सुरीने सहज चिरली जाऊ लागल्यावरच आंबट घालावे.

अख्खे बटाटे सालीसकट, गार पाण्यातून चढवावेत. उकळत्या पाण्यात टाकल्यास बाहेरचा थर आधी शिजून फुटतो आणि आत पाणी शिरते. कुकरमध्ये ८० ते १०० ग्रॅमच्या बटाट्यांना तीन शिट्ट्या पुरतात. कुकर उघडल्यावर बटाटे लगेच पाण्यातून काढून वाफ जाऊ द्यावी. मळणे हातानेच किंवा पुरणयंत्रातून करावे. मिक्सरमध्ये पेशी फाटतात, पिष्ट बाहेर येते आणि गोळा डिंकासारखा चिकट होतो. तो पुन्हा मोकळा करता येत नाही.

पदार्थ

काचऱ्या हा सर्वांत साधा प्रकार. अर्धा किलो बटाटे सालीसकट दोन मिलिमीटर जाडीचे चिरून, धुऊन, कोरडे करून घ्यावेत. तीन मोठे चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद यांची फोडणी करून काचऱ्या परताव्यात, पाच मिनिटे झाकण ठेवावे, मग काढून टाकावे. मीठ आणि तिखट शेवटी. मीठ आधी पडले तर पाणी सुटते आणि काचऱ्या कुरकुरीत होण्याऐवजी वाफवल्यासारख्या होतात. चिरलेल्या फोडी धुण्याने वरचे सुटे पिष्ट जाते आणि त्या कढईला चिकटत नाहीत.

पुरीबरोबरच्या पिवळ्या भाजीसाठी बटाटा उकडलेला लागतो. तो गार होऊ द्यावा. गार झाल्यावर पिष्ट घट्ट होते, फोडी सुबक पडतात आणि परतताना मोडत नाहीत. मोहरी, हिंग, कढीपत्ता, आले, हिरवी मिरची आणि हळद, वरून किंचित साखर, लिंबू आणि कोथिंबीर एवढेच तिला हवे असते. उपवासाच्या भाजीत तेल-मोहरी-हळद-हिंगाऐवजी तूप, जिरे, मिरची आणि दाण्याचे कूट येते. कोथिंबिरीबाबत घराघरांत मतभेद आहेत.

बटाट्याच्या किसासाठी कच्चा बटाटा जाड किसणीवर थेट पाण्यात किसतात, कारण हवेत तो विकरांमुळे (एन्झाइममुळे) काळा पडतो. दोनदा धुऊन घट्ट पिळावा. अर्धा किलोच्या किसाला दोन मोठे चमचे तूप, एक चमचा जिरे, तीन-चार मिरच्या आणि ५० ग्रॅम दाण्याचे कूट हे प्रमाण ठीक पडते. किस फार ढवळू नये. उलथण्याने खालून वर करावा, एरवी झाकण ठेवून मंद आचेवर सोडून द्यावा. लगदा होण्यामागे दोनच कारणे असतात: न पिळलेले पाणी आणि अधीर हात.

बटाटेवड्याच्या ५०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यांत साधारण बारा वडे होतात. आले, लसूण, मिरची जाडसर ठेचून फोडणीत परतावी, बटाटा हाताने फोडून मिसळावा. काही गाठी राहिलेल्या बऱ्या. आवरणाला १५० ग्रॅम बेसन, एक मोठा चमचा तांदळाचे पीठ, हळद, मीठ, एक मोठा चमचा कडकडीत तेलाचे मोहन आणि सुमारे १७० ते १९० मिलिलिटर पाणी, थोडे थोडे करून. बोट बुडवून काढल्यावर त्यावर अखंड थर राहिला पाहिजे. तेल १७५ ते १८० अंशांवर असावे. पिठाचा थेंब टाकताच वर आला म्हणजे तापले. सारण गरम असताना वडा तळल्यास आतली वाफ आवरण फोडते. तेल कमी तापले तर वडा तेल पितो, आणि सोडा जास्त झाला तरीही तेच होते. वडा पावात घालून विकण्याची सुरुवात मुंबईत दादर स्थानकाजवळ १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी केली, असे मानले जाते.

रश्शात घरोघरचा मसाला बदलतो: कुठे गोडा मसाला, चिंच आणि गूळ, कोल्हापुराकडे कांदा-लसूण मसाला आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे वाटण. ४०० ग्रॅम बटाट्याच्या तीन सेंटीमीटरच्या फोडी वाटणात तेल सुटेपर्यंत परताव्यात आणि ६०० मिलिलिटर कढत पाणी घालावे. रस्सा पातळ वाटला तर दोन फोडी पळीने मोडून त्यातच मिसळाव्यात. वेगळे पीठ लावण्याची गरज नसते. पालघर-वसईकडच्या भुजण्यात परतणेच नाही: फोडी, भरपूर कांदा, कोथिंबीर, मिरची, हळद आणि कच्चे तेल हाताने चोळून एकत्र शिजवतात. रायगडातल्या थंडीतल्या पोपटीत वालाच्या शेंगांबरोबर अख्खे बटाटे भांबुर्डीच्या पाल्यात मडक्यात भाजले जातात.

वाळवण

मार्च ते मे या काळात बटाट्याचे वेफर्स, किस आणि साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या वाळवतात. वेफर्ससाठी मोठे, नवे आणि फ्रिजमध्ये न ठेवलेले बटाटे घ्यावेत. चकत्या पाण्यात पाडून, पाणी निवळ होईपर्यंत धुवाव्यात. रात्रभर भिजवतानाच्या पाण्यात तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवतात. तुरटीमुळे पेक्टिन घट्ट होते आणि चकती उकळताना फाटत नाही. तुरटी जास्त झाली तर तुरट चव राहते. सकाळी उकळत्या मिठाच्या पाण्यात चकत्या थोड्या थोड्या टाकून तीन ते पाच मिनिटांत, कडा पारदर्शक दिसू लागताच काढाव्यात. कमी उकडल्या तर काळा रंग आणणारी विकरे शिल्लक राहून वेफर्स वाळताना काळवंडतात. जास्त उकडल्या तर कापडाला चिकटून तुटतात. कडक उन्हात सुट्या पसराव्यात, पहिल्याच संध्याकाळी उलटाव्यात आणि वाकवल्यावर कट्‌कन मोडेपर्यंत, बहुधा दोन दिवस, वाळवाव्यात. पाच किलो बटाट्यांचे पाऊण ते एक किलो वेफर्स होतात. तळताना तेल चांगले तापलेले हवे आणि वेफर काही सेकंदांतच, पांढरा असतानाच बाहेर काढावा; झारीवर त्याचा रंग आणखी थोडा चढतो.