युवा संसद पुन्हा भरवायची आहे? पात्रता, नोंदणी, कागदपत्रं आणि रिकाम्या बाकांचा प्रश्न

मागच्या वर्षी आमच्या कॉलेजात युवा संसदेची, म्हणजे मुलांनी खासदार-मंत्री होऊन भरवायच्या लुटुपुटुच्या संसदेची, नोटीस लावली, तेव्हा पंचावन्न जागांसाठी एकोणीस नावं आली. त्यातल्या अकरा जणांना मंत्री व्हायचं होतं, चौघींना अध्यक्ष. विरोधी बाकावर बसायला एकच जण तयार झाला, तोही "सर, बोलायला लागणार नसेल तर" या अटीवर. सांगली जिल्ह्याच्या पलूस-तासगाव पट्ट्यातल्या ज्या ज्या मास्तरांशी या विषयावर बोलणं झालं, त्यांची रड थोड्याफार फरकाने हीच होती. एके काळी हॉल कमी पडायचा, आता खुर्च्या भाड्याने आणायचीही गरज नाही. म्हणून नोंदणीची माहिती देतोच, पण जास्त जागा सभागृह भरतं कसं, याला देणार आहे.

आधी योजना कोणती ते. केंद्राच्या संसदीय कार्य मंत्रालयाची ही राष्ट्रीय युवा संसद योजना. मूळ कल्पना जुनी आहे. १९६२ साली मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद (सभागृहात पक्षाच्या सदस्यांची शिस्त पाहणारे) परिषदेने शिफारस केली आणि १९६६-६७ पासून दिल्लीच्या शाळांत युवा संसद सुरू झाली. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावांना दार उघडलं ते २६ नोव्हेंबर २०१९ ला, संविधान दिनी, पोर्टल सुरू झाल्यावर. २०२४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. विद्यार्थी हमखास गल्लत करतात ती 'विकसित भारत युवा संसद' या स्पर्धेशी. ती युवा व्यवहार आणि क्रीडा मंत्रालयाची, 'माय भारत' पोर्टलवरची. २०२५ मध्ये तिथे १८ ते २५ वयाच्या मुलांनी एक मिनिटाचा व्हिडिओ पाठवायचा होता आणि पुढे निवड होत जायची. आपल्या योजनेत निवडबिवड काही नाही. बैठक भरवा, अहवाल द्या, प्रमाणपत्र घ्या.

पात्रता

सहभागाचे तीन प्रकार आहेत. पहिला संस्थेचा. यात सहावी ते बारावीची मुलं 'किशोर सभा' भरवतात आणि पदवी-पदव्युत्तरची 'तरुण सभा'. कनिष्ठ महाविद्यालय वरिष्ठला जोडलेलं असलं, तरी अकरावी-बारावीची मुलं तरुण सभेत घुसवू नका, ती किशोर सभेतच येतात. दुसरा प्रकार गटाचा. नागरिकांचा कुठलाही गट एकत्र येऊन बैठक घेऊ शकतो. गावातलं वाचनालय, महिला बचत गट, माजी विद्यार्थी, गणपती मंडळ, कुणीही. माझ्या मते या प्रकाराकडे आपल्याकडे अजून कुणाचं लक्षच गेलेलं नाही. तिसरा वैयक्तिक. भारतीय लोकशाहीच्या कामकाजावरची प्रश्नमंजूषा घरबसल्या सोडवायची. ज्याला पन्नास माणसं जमवणं शक्य नाही, त्याने इथून सुरुवात करावी. मुलांना गोडी लावायलाही ती बरी पडते.

नोंदणी आणि कागदपत्रं

संस्थेची नोंदणी संस्थाप्रमुखाच्या, म्हणजे मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांच्या नावाने होते. कामाची जबाबदारी एका प्रभारी शिक्षकावर असते. आमच्या फाइलमध्ये असतं ते असं: प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं शिक्षकाच्या नेमणुकीचं पत्र, शाळेचा अकरा आकडी यूडायस क्रमांक (कॉलेजला उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा ऐशे क्रमांक), संस्थेचा पूर्ण पत्ता, चालू मोबाइल आणि ईमेल, आणि सहभागी मुलांची यादी वर्ग व हजेरी क्रमांकासह. ईमेल संस्थेचाच द्या. एका बदली होऊन गेलेल्या सरांच्या खाजगी ईमेलवर आमचं खातं अडकलं होतं. ते नव्या शाळेत रुळले, पासवर्ड विसरले, आणि आम्ही सगळी खटपट पहिल्यापासून केली.

यादीतली नावं इंग्रजीत टंकताना दहावीच्या गुणपत्रिकेवरून घ्या, मुलाला विचारून नको. प्रमाणपत्रावर तेच नाव उमटतं.

सभागृह कसं भरायचं

योजनेच्या चौकटीत सर्वसाधारणपणे ५० ते ५५ जण आणि तासाभराची बैठक बसते. आमची चूक अशी, की मुलं यावीत म्हणून आम्ही मंत्रिपदं वाटत सुटायचो. एकदा तर सतरा मंत्री होते आणि त्यांना प्रश्न विचारायला बारा सदस्य. आता सरळ संविधान दाखवतो. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीनंतर कलम ७५ नुसार पंतप्रधानांसह मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. पंचावन्नाच्या सभागृहात म्हणजे आठ. पोरं हिशोब स्वतः मांडतात आणि नवव्याची मागणी करणाऱ्याला स्वतःच गप्प करतात.

मग विरोधी बाक. इथे मी गावचा इतिहास काढतो. १९७७ मध्ये लोकसभेत विरोधी पक्षनेते कोण होते? साताऱ्याचे खासदार यशवंतराव चव्हाण. आधी संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र अशी खाती सांभाळलेला माणूस समोरच्या बाकावर बसला. आणि सरकार चालवून पाहण्याचं म्हणाल, तर आमच्या पलूसजवळच्या कुंडलच्या पोराला ते नव्याने सांगायला नको. १९४३ पासून नाना पाटलांच्या प्रतिसरकारने याच मुलखात गावोगाव न्यायदान मंडळं चालवली. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता, बराचसा मुलूख साताऱ्यातच होता. तेच नाना पाटील १९५७ ला लोकसभेत निवडून गेले. हे सांगितल्यावर "मला विरोधी द्या" म्हणणारे दोघं-तिघं तरी निघतात.

पण खरी गर्दी होते ती प्रश्नांमुळे. पूर्वी आम्ही 'राष्ट्रीय एकात्मता', 'शिक्षणाचं महत्त्व' असले विषय द्यायचो आणि मुलं निबंध वाचून दाखवायची. आता नियम एकच, प्रश्न आपल्या जिल्ह्यातला हवा, पण केंद्राच्या अखत्यारीतला हवा. एका मुलीने आधी आणला तो प्रश्न होता, आमच्या वस्तीला टँकर का येत नाही. तिला म्हटलं, हा दिल्लीत घेतच नाहीत, पाणीपुरवठा राज्याचा विषय. आठ दिवसांनी ती परत आली ती २०१९ आणि २०२१ च्या महापुरावर. अलमट्टी धरण कर्नाटकात, पूर सांगलीत, कृष्णा आंतरराज्य नदी, मग केंद्रीय जल आयोग विसर्गाचा समन्वय कसा करतो? जलशक्तिमंत्री झालेल्या मुलाला घाम फुटला. दुसऱ्याने विचारलं, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मग राष्ट्रीय हळद मंडळाचं मुख्यालय निझामाबादला का? पुरवणी प्रश्नांना तर तोटाच नव्हता, कारण अर्ध्या सभागृहाच्या घरी हळद पिकते.

लोकसभेत प्रश्नासाठी किमान १५ दिवसांची पूर्वसूचना लागते. तोच नियम लावा. मंत्र्याला अभ्यासाला वेळ मिळतो आणि मुलं ऐनवेळी पळत नाहीत. तारांकित प्रश्नांची यादी तिथे हिरव्या कागदावर छापतात, अतारांकितची पांढऱ्या. झेरॉक्सवाल्याकडून हिरवा कागद आणा, खर्च किरकोळ, पण तो हातात पडल्यावर पोरं सरळ बसतात. तारांकितला तोंडी उत्तर आणि त्यावर पुरवणी, अतारांकितला लेखी, एवढा फरक समजला तरी निम्मं काम झालं. बाकीचा क्रम असा: नव्या सदस्यांची शपथ, शोकप्रस्ताव, प्रश्नोत्तरांचा तास, शून्य प्रहर (तातडीचे विषय मांडायची वेळ), मग एखादं विधेयक. भाषेचा न्यूनगंड नको. कलम १२० मध्ये अध्यक्ष सदस्याला मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. आमच्या अध्यक्षा ती पहिल्याच मिनिटाला सगळ्यांना देऊन टाकतात.

पथ्य एकच. कुठल्याही खऱ्या पक्षाचा किंवा नेत्याचा थेट उल्लेख, टिंगल, नक्कल चालत नाही. आपल्या जिल्ह्यांत नक्कल करणारा एक तरी प्रत्येक वर्गात असतोच. त्याला शून्य प्रहरात बोलू द्या, पण स्वतःच्या आवाजात.

तारीख

द्राक्षबागांची छाटणी ऑक्टोबरला, तोडणी फेब्रुवारी-मार्चला, उसाचा हंगाम त्याच्याच आगेमागे, मध्ये परीक्षा. तासगाव-पलूसच्या मुलांना घरी कामं असतात, हे वेळापत्रक करणाऱ्यांच्या गावीही नसतं. आम्ही बैठक ऑगस्टमध्ये घेतो, संसदेचं पावसाळी अधिवेशनही साधारण तेव्हाच असतं. वेळ अकराची. शेवटच्या एसटीच्या आत सगळं आवरतं.

बैठकीनंतर

अहवाल, फोटो आणि चित्रीकरण पोर्टलवर चढवावं लागतं, त्यानंतर विद्यार्थ्यांना सहभागाचं आणि प्रभारी शिक्षक व संस्थाप्रमुखांना कौतुकाचं डिजिटल प्रमाणपत्र मिळतं. कामकाज चालू असताना एकाला फक्त मोबाइल सांभाळायला बसवा, स्टँड लावून, आडवा धरून. फोटो सगळ्या सभागृहाचा हवा, नुसता मंत्र्यांच्या बाकाचा नको. कलम १०० प्रमाणे गणपूर्ती, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, एक दशांश, म्हणजे आपल्याकडे सहा जणांतही होते, पण रिकाम्या खुर्च्यांचा फोटो पाठवायला आपल्यालाच लाज वाटते.

अपलोड त्याच दिवशी संध्याकाळी उरका. आमचं एकदा दिवाळीच्या सुट्टीपर्यंत लांबलं, चित्रीकरणाचा पेन ड्राइव्ह हरवला, आणि पंचावन्न पोरं सहामाहीनंतर रोज ऑफिसच्या खिडकीत येऊन विचारायची, "सर, आमच्या संसदेचं काय झालं?"