संगणकावरील व्हिडिओ प्लेअर आणि मराठी उपशीर्षके (मराठवाडा)

उपशीर्षके, रोजच्या बोलण्यात सबटायटल : चित्रपट, लघुपट किंवा व्याख्यान चालू असताना पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या, संवादाशी वेळ जुळवलेल्या मजकुराच्या ओळी. संगणकावर त्या दिसायच्या तर मजकुराची फाइल प्लेअरला सापडावी लागते, तिच्यातली अक्षरे त्याला वाचता आणि नीट काढता यावी लागतात, आणि ओळ योग्य क्षणी पडद्यावर यावी लागते. इंग्रजीत फाइल आणि वेळ जमली की काम झाले. मराठीत अडते ते अक्षरांपाशी. म्हणून या नोंदीत सर्वांत जास्त जागा अक्षरांना दिली आहे.

मराठवाड्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या आठ जिल्ह्यांत, उपशीर्षकांशी संबंध अनेक वाटांनी येतो. गावाकडची मुले मोबाइलवर लघुपट चित्रित करतात आणि महोत्सवाला पाठवताना त्याला इंग्रजी उपशीर्षके जोडावी लागतात. छत्रपती संभाजीनगरला भरणाऱ्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे परभाषेतले चित्रपट तळाची ओळ वाचत पाहणारा प्रेक्षक इथे तयार झाला आहे. नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर, बिलोली, धर्माबाद भागात तेलुगू, उदगीर आणि उमरग्याच्या बाजूला कन्नड आणि जुन्या निजामी शहरांत उर्दू ऐकू येते. त्यामुळे एकाच संगणकावर दोन-तीन लिप्यांतली उपशीर्षके लावण्याची वेळ इथे येते. कर्णबधिर प्रेक्षकाला तर मराठी चित्रपटही मराठी उपशीर्षकांशिवाय कळत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दृक्‌श्राव्य माध्यमांतील सुगम्यता ही शासनाची जबाबदारी मानली आहे. ती घरच्या पडद्यापर्यंत पोचायची असेल तर पुढे दिलेली तांत्रिक कामे कुणालातरी करावीच लागतात.

प्रकार : उपशीर्षके तीन रूपांत मिळतात. पहिल्या रूपात ती चित्रातच भाजलेली असतात. ती कुठेही दिसतात, पण बंद करता येत नाहीत आणि दुरुस्तही करता येत नाहीत. दुसऱ्या रूपात ती व्हिडिओच्या फाइलीत स्वतंत्र धारा म्हणून असतात. एमकेव्ही आणि एमपी४ या प्रकारांत अशी सोय आहे. तिसऱ्या रूपात ती वेगळी फाइल म्हणून शेजारी ठेवलेली असतात. डीव्हीडीवरची उपशीर्षके मजकूर नसून छोटी चित्रे असतात, त्यामुळे त्यांत लिपीचा घोळ होत नाही, मात्र एखादे अक्षर बदलायचे म्हटले तर चित्रावरून मजकूर ओळखून काढावा लागतो. एसआरटी हा आज सर्वाधिक चालणारा प्रकार. त्याला हे नाव ज्या 'सबरिप' प्रोग्रॅमवरून पडले, तो डीव्हीडीतल्या अशा चित्रांवरून मजकूर काढण्यासाठीच होता.

एसआरटी फाइल नोटपॅडमध्ये उघडली की आत असे दिसते :

12
00:04:31,200 --> 00:04:33,900
पाऊस पडंना,
शेतकऱ्यानं पेरावं काय?

पहिली ओळ अनुक्रमांकाची. दुसरीत सुरुवातीची आणि शेवटची वेळ असते : तास, मिनिटे, सेकंद आणि स्वल्पविरामानंतर सेकंदाचे हजारावे भाग. मग मजकूर आणि शेवटी एक रिकामी ओळ. ही रिकामी ओळ राहून गेली तर पुढच्या संवादाचा क्रमांक आणि वेळ मजकूर समजून पडद्यावर छापली जाते. वेळेचे अंक इंग्रजीच (0 ते 9) हवेत. मराठी कळफलक चालू ठेवून देवनागरी अंक टंकले तर माणसाला ते बरोबर वाटतात, प्लेअरला मात्र ती वेळ कळत नाही आणि तो संवाद दिसत नाही. वेबपानांसाठीच्या वेबव्हीटीटी प्रकारात स्वल्पविरामाऐवजी पूर्णविरामाचा ठिपका येतो. एएसएस प्रकारात रंग, जागा आणि फॉन्टही सांगता येतो.

फाइल सापडणे : व्हिडिओ आणि उपशीर्षके एकाच फोल्डरमध्ये, एकाच नावाने ठेवली की बहुतेक प्लेअर ती आपोआप उचलतात. नाव आणि एसआरटी या शेपटाच्या मध्ये भाषेचा संकेत लिहिण्याची पद्धत आहे. मराठीचा दोन अक्षरी संकेत 'एमआर' असा आहे. नाव जुळत नसेल तर व्हीएलसी या प्लेअरच्या उपशीर्षकांच्या मेनूतून फाइल हाताने जोडता येते, किंवा चालू चित्रपटावर माउसने ओढून टाकली तरी चालते. एकापेक्षा जास्त भाषा असतील तर 'व्ही' ही कळ दाबत एकीवरून दुसरीवर जाता येते. पेन ड्राइव्हवर चित्रपट भरून आणला आणि उपशीर्षकांची फाइल दुकानातच राहिली, हे फार वेळा होते. अशा वेळी प्लेअरच्या सेटिंगमध्ये शोधून काही मिळणार नाही, आधी फोल्डर पाहावा.

अक्षरे : देवनागरी बिघडते ती चार वेगवेगळ्या तऱ्हांनी. पडद्यावर काय दिसते ते नीट पाहिले तर दोष कुठे आहे ते लगेच कळते.

पहिली तऱ्हा रोमन कचऱ्याची. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला १२८ जागांचा एक गट दिलेला आहे आणि यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत त्यातले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. प्लेअरने ही फाइल पश्चिम युरोपीय संकेतात (बाइटचे अक्षर कसे करायचे ते ठरवणाऱ्या वेगळ्या पद्धतीत) वाचली तर प्रत्येक बाइटचे एक अक्षर होते आणि पाचाऐवजी पंधरा चिन्हे उमटतात. दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए येतो, त्यानंतर चलनाचे गोल चिन्ह किंवा येनचे चिन्ह. 'मराठी'च्या शेवटच्या वेलांटीतून चक्क येन आणि युरो शेजारी शेजारी उभे राहतात. हे चित्र दिसले तर घाबरायचे कारण नाही, मजकूर शाबूत आहे. प्लेअरच्या उपशीर्षकांच्या सेटिंगमध्ये संकेत यूटीएफ-८ निवडला आणि व्हिडिओ पुन्हा उघडला की अक्षरे जागेवर येतात.

दुसरी तऱ्हा प्रश्नचिन्हांची, आणि ती खरी नुकसानीची. जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये मराठी लिहून फाइल 'एएनएसआय' या देवनागरी नसलेल्या जुन्या संकेतात जतन केली की प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले जाते. प्रोग्रॅम त्याआधी इशारा देतो, पण तो न वाचता पुढे जाण्याची सवय सगळ्यांनाच असते. असा मजकूर परत मिळत नाही. विंडोज १० च्या २०१९ मधल्या अद्ययावत आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ वापरते. सार्वजनिक वाचनालयांत आणि शाळांत त्याआधीची विंडोज असेल तर जतन करताना संकेताचा रकाना पाहण्याला पर्याय नाही.

तिसरी तऱ्हा चौकोनांची : फॉन्टमध्ये ती अक्षरेच नाहीत. एरियल या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मंगल, निर्मला यूआय, लिनक्सवर लोहित देवनागरी, किंवा नोटो सान्स देवनागरी निवडला की चौकोन जातात. देगलूर-उदगीरकडच्या संगणकासाठी निर्मला यूआय सर्वांत सोयीचा, कारण देवनागरी, तेलुगू आणि कन्नड तिन्ही त्या एकात आहेत.

चौथी तऱ्हा अक्षरे सुटी होण्याची. फॉन्ट आहे, संकेतही बरोबर आहे, तरी पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरांत हलंत उघडे पडतात आणि 'विद्यार्थी' हा शब्द सात-आठ तुकड्यांत दिसतो. देवनागरीत चिन्हांचा साठवण्याचा क्रम आणि काढण्याचा क्रम वेगळा असतो. तो जुळवण्याचे काम हार्फबझसारखी लिपीरचनेची यंत्रणा करते. व्हीएलसीत ती २०१८ च्या ३.० या आवृत्तीने आली. एमपीव्हीसारखे प्लेअर वापरतात त्या लिबॅस या संचातही ती आहे. जुन्या संगणकावर जुनीच आवृत्ती ठेवून सेटिंगशी झटापट करण्यात अर्थ नाही. प्लेअर नवा घ्यावा, तो फुकट आहे.

मराठीची खरी परीक्षा 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' यांची. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन वेगळे शब्द आहेत. रफार आणि चंद्रकोरीसारखा अर्धा र यांत अदलाबदल झाली तर अर्थच बदलतो. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर शिफ्टसह 'जे' दाबून टिंबाचा ऱ, मग हलंत, मग य असे लिहिले की 'शेतकऱ्या' बरोबर उमटतो. साधा र वापरला तर 'शेतकर्या' होतो. शेती, दुष्काळ, सावकारी यांवरचा लघुपट करणाऱ्याला हा शब्द ओळीओळीला लागतो. त्यामुळे काम संपल्यावर फाइलीत तेवढा एक शब्द शोधून तपासला तरी बऱ्याच चुका हाती लागतात.

यातच इथला एक खास अडथळा येतो. तालुक्याच्या ठिकाणी संवाद टंकून घ्यायचे तर डीटीपी सेंटर गाठावे लागते आणि तिथे श्री-लिपी, आकृती, शिवाजी अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर वर्षानुवर्षे काम चालत आले आहे. अशा मजकुरात देवनागरी अक्षरे नसतातच. रोमन संकेतांना त्या फॉन्टने मराठी रूप दिलेले असते. तो एसआरटीत चिकटवला की निरर्थक रोमन अक्षरे दिसतात, आणि संकेत बदलून ती सुधारत नाहीत. फॉन्ट बदलून देणाऱ्या परिवर्तक प्रोग्रॅमने मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि त्यानंतर रफार, पहिली वेलांटी, ऱ्य हे डोळ्यांनी तपासावे लागतात. टंकणाऱ्याला सुरुवातीलाच 'युनिकोडमध्ये द्या' असे सांगितले तर हे सगळे वाचते. पत्रिका छापणाऱ्या सेंटरलाही आता ते जमते.

वेळ : उपशीर्षके सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच अंतराने पुढे-मागे असतील तर काम सोपे आहे. व्हीएलसीत 'एच' दाबले की ती ५० मिलिसेकंद उशिरा येतात, 'जी' दाबले की तितकीच लवकर. दुसरी पद्धत आणखी नेमकी : ओळखीचा संवाद ऐकू येताच शिफ्टसह 'एच', तोच तळाशी दिसताच शिफ्टसह 'जे' आणि मग शिफ्टसह 'के'. प्लेअर फरक स्वतः मोजून घेतो. पण सुरुवातीला जुळलेली ओळ मध्यंतरापर्यंत मागे पडत जात असेल तर दोष वेगाचा आहे. सेकंदाला २४ चित्रांचा दोन तासांचा चित्रपट २५ च्या वेगाने चालवला तर १ तास ५५ मिनिटे १२ सेकंदांत संपतो, म्हणजे शेवटच्या संवादापर्यंत पावणेपाच मिनिटांहून जास्त फरक साठतो. इथे कळ दाबत बसून भागत नाही. सबटायटल एडिटसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक संवाद जुळवून दिला की मधले सगळे प्रमाणात सरकतात.

उर्दू : छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणी, बीड या शहरांत उर्दू वाचणारा मोठा वर्ग आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. जुन्या प्लेअरमध्ये शब्दांचा क्रम उलटतो किंवा वाक्याचे विरामचिन्ह भलत्या टोकाला जाते. नस्तालीक वळणाचा फॉन्ट घेतला तर अक्षरे तिरपी खाली उतरत असल्याने दोन ओळी एकमेकींत शिरतात. एका वेळी एकच ओळ ठेवणे हा त्यावर साधा उपाय.

बोली : 'पडंना', 'कामून', 'लई' असे बोलणाऱ्या पात्राच्या तळाशी प्रमाण मराठी लिहिण्याचा मोह होतो. तसे करू नये. ऐकू न येणाऱ्या वाचकाला पात्र जालन्याकडचे की पुण्याचे हे कळायला तेवढाच आधार असतो, आणि ऐकणाऱ्यालाही कानावर एक आणि डोळ्यांपुढे दुसरे असा त्रास होतो. अनुस्वाराने दाखवलेला बोलीतला उच्चार युनिकोडमध्ये कुठेही अडत नाही.

दुसऱ्याच्या संगणकावर दाखवणे : मराठी उपशीर्षके शक्यतो मजकूर म्हणून जपावीत, चित्रात भाजू नयेत. मजकूर असेल तर चूक दुरुस्त होते, दुसरी भाषा जोडता येते, कुणाला अक्षर मोठे करून वाचता येते. महोत्सवाने मागितले तर भाजलेली प्रत वेगळी काढावी आणि मूळ एसआरटी सांभाळून ठेवावी. एमकेव्ही फाइलीत उपशीर्षकांबरोबर फॉन्टही जोडता येतो. मग समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी अक्षरे नीट दिसतात, मात्र त्यासाठी उपशीर्षके एएसएस प्रकारात आणि त्या फॉन्टचे नाव घालून केलेली असावीत. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात टीव्हीला थेट पेन ड्राइव्ह लावला तर संगणकावर व्यवस्थित दिसणारी देवनागरी तिथे चौकोनांत किंवा तुटक अक्षरांत येऊ शकते, कारण अनेक टीव्हींत भारतीय लिप्यांची सोय अपुरी असते आणि त्यांत फॉन्ट घालता येत नाही. त्यापेक्षा लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला किंवा प्रोजेक्टरला जोडावा आणि प्रेक्षक बसण्याआधी ऱ्य असलेला एखादा संवाद लावून पाहावा.